अनुभव किती, हा प्रश्न योग्यच आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात समुपदेशकांविषयी एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले. त्यांचा रोख असा, की पूर्वी घरातली आजी, शेजारची काकी किंवा देवळातले भटजी जे काम विनामूल्य करत, तेच आता पंचविशीतली मुले-मुली पदवीचा कागद भिंतीवर लावून पैसे घेऊन करू लागली आहेत. ज्यांनी स्वतःचा संसार अजून मांडला नाही, त्यांनी दुसऱ्याच्या संसारात काय सांगावे? हे पत्र वाचून माझ्या सोबतच्या काहींना राग आला. मला आला नाही, कारण हाच प्रश्न माझ्यासमोर बसणारी माणसे मला नेहमीच विचारतात, फक्त अधिक मायेने. साठीची एखादी बाई बसल्या बसल्या "बाये, तुजें लग्न जालां?" असे विचारते, तेव्हा तिला माझी चौकशी करायची नसते. आपण सांगू ते या मुलीला पेलवेल का, याचा ती अंदाज घेत असते. तिला आणि पत्रलेखकांनाही सरळ उत्तर मिळायला हवे, म्हणून हे लिहीत आहे.

मी प्रशिक्षणार्थी समुपदेशन मानसशास्त्रज्ञ आहे. लोक मला 'डॉक्टर' म्हणतात. मी डॉक्टर नाही, औषध लिहून देऊ शकत नाही, आणि हे पहिल्याच भेटीत सांगते. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर असतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे १९९२ च्या कायद्यानुसार होते. समुपदेशन मानसशास्त्रज्ञ मात्र या दोन्ही चौकटींच्या बाहेर राहिले. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा जो कायदा केला, त्यात मानसशास्त्रज्ञांचा आणि समुपदेशकांचा उल्लेख आला. पण कायद्यातल्या नोंदीपासून रस्त्यावरच्या पाटीपर्यंत शिस्त पोहोचायला आपल्याकडे किती वर्षे जातात हे सर्वांना ठाऊक आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र घेऊन 'समुपदेशक' अशी पाटी लावणारे लोक आहेत. त्यामुळे पत्रलेखकांचा संशय मला अनाठायी वाटत नाही. त्यांनी तो वयावर रोखला, एवढेच मला खटकते.

माझ्या पार्श्वभूमीविषयी थोडे सांगते. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकले, पुढचे सगळे इंग्रजीतून झाले, पदवी गोव्यात आणि समुपदेशन मानसशास्त्रातले पदव्युत्तर शिक्षण राज्याबाहेर. वडिलांचा खनिजवाहू ट्रक होता, कर्ज काढून घेतलेला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा मी नववीत होते. ट्रक अंगणात उभा राहिला, त्यावर ताडपत्री आली, आणि वडील सोप्यावर बसून त्या ताडपत्रीकडे पाहत राहू लागले. रात्री ते उठून बाहेर जात, पहाटे परत येऊन पडत, जेवायला हाक मारली की "भूक नाही" म्हणत. आजीने देवळात प्रसाद लावला, म्हणजे देवाकडे कौल मागितला, मामांनी "धीर धर" सांगितले, ओळखीच्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. यातले कोणीही चुकीचे वागले असे मला आजही वाटत नाही. पण 'धीर धर' या शब्दांनी बँकेचा हप्ता भरता येत नव्हता, आणि तुम्हाला नेमके काय होते आहे, असे वडिलांना कोणी विचारलेही नाही. पुढे खाणी काही काळ सुरू झाल्या, ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. तोपर्यंत आमचा ट्रक विकून झाला होता. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतल्या कितीतरी घरांत अशीच एखादी ताडपत्री होती.

हे सहानुभूतीसाठी लिहीत नाही. खोलीत बसताना मी कुठून आलेली असते, हे यावरून कळेल. मला शिकवलेल्या पद्धतींपैकी एक सर्वांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात आणि मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात वेगवेगळ्या वाटांनी जी मांडणी केली, तिचे सार असे की घटना आणि आपली भावना यांच्यामध्ये आपला विचार उभा असतो, आणि तो विचार तपासून पाहता येतो. महाराष्ट्रात एलिस यांची पद्धत 'विवेकनिष्ठ' या नावाने बरीच रुजली आहे. ती उपयोगी आहे, मी ती वापरते. 'मी नापास झालो म्हणजे माझे आयुष्य संपले' असे म्हणणाऱ्या मुलासोबत बसून 'संपले म्हणजे नेमके काय संपले' हे एकेक करून पाहिले की त्याचा श्वास मोकळा होताना दिसतो. परंतु ज्याच्या दारात खरोखरच थकलेल्या हप्त्याची नोटीस आली आहे, त्याला 'तुमचा विचार अतिरेकी आहे' असे सांगणे म्हणजे त्याच्या जखमेवर शिकवणी लावणे आहे. अशा वेळी विचार बरोबर असतो आणि परिस्थिती वाईट असते. तेव्हा मी विचार लिहून तपासण्याच्या वहीला हात न लावता आधी विचारते, की घरात आणखी कोणाला हे माहीत आहे, बँकेशी शेवटचे बोलणे कधी झाले, रात्री झोप किती लागते. यातले काही प्रश्न मानसशास्त्राचे वाटत नाहीत, याची मला कल्पना आहे.

या पार्श्वभूमीचा एक धोकाही आहे, आणि तो मला स्वतःला दिसला नव्हता. प्रशिक्षणार्थी समुपदेशकाने केलेल्या कामावर अनुभवी व्यक्तीची नियमित देखरेख असते. आम्ही तिला पर्यवेक्षण म्हणतो, आणि ती करणाऱ्या पर्यवेक्षकांना बोलताना सरळ सुपरवायझर म्हणतो. (हे ऐकून वडिलांनी विचारले होते, "म्हणजे तुमच्याकडेही सुपरवायझर असतो? खाणीवर असायचा तसा?" तसाच असतो, फक्त तो खनिजाऐवजी वाक्ये मोजतो.) दर आठवड्याला मी माझ्या टिपणांसह, आणि समोरच्या व्यक्तीने लेखी संमती दिली असेल तर ध्वनिमुद्रणासह, माझ्या पर्यवेक्षकांसमोर बसते. सुरुवातीच्या दिवसांत पन्नाशीच्या एका गृहस्थांसोबतचे असे एक ध्वनिमुद्रण आम्ही ऐकले. ते गृहस्थ आपला बंद पडलेला धंदा आणि मुलाशी तुटलेले बोलणे याविषयी सांगत होते. ऐकून झाल्यावर पर्यवेक्षकांनी मला एवढेच विचारले, की यात सलग अकरा मिनिटे कोण बोलते आहे? मी बोलत होते. मी त्यांना धीर देत होते, उपाय सुचवत होते, मुलाच्या बाजूने समजावत होते. म्हणजे २०१२ साली माझ्या वडिलांना जे कोणी सांगायला हवे होते असे मला वाटत होते, ते सगळे मी या अनोळखी माणसाला सांगत होते, आणि त्या अकरा मिनिटांत ते एकदाही रडू शकले नाहीत. पुढच्या भेटीत मी त्यांची माफी मागितली आणि गप्प बसले. त्यानंतर ते जे बोलले ते माझ्या कोणत्याही सल्ल्यात नव्हते.

पत्रलेखकांनी 'अनुभव' हा शब्द ज्या अर्थाने वापरला आहे, त्याबाबत माझे म्हणणे इथे आहे. आयुष्याचा अनुभव माझ्याकडे होता, आणि त्यानेच माझी वाट अडवली. शेजारची काकी अनुभवी असते, मायाळूही असते, पण तिने दिलेला सल्ला कोणाच्या आयुष्यातून आला हे तिला कोणी विचारत नाही. मला दर आठवड्याला विचारतात. ही व्यवस्था ज्याच्यामागे नाही, तो वयाने साठीचा असला तरी माझ्या मते त्याच्याकडे जाऊ नये.

गोव्यातच झालेल्या कामाचा दाखला इथे देणे योग्य होईल. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नेमके प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक व्यक्तींकडून नैराश्यावर समुपदेशन करून घेतले. या कामाचे निष्कर्ष २०१० आणि २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली. २०१७ च्या अभ्यासात दहा आरोग्य केंद्रांतले तीव्र नैराश्याचे रुग्ण होते. सहा ते आठ भेटींच्या या उपचाराने त्यांच्यात नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक सुधारणा दिसली. हे समुपदेशक आठवड्याला एकत्र बसून एकमेकांच्या भेटींची ध्वनिमुद्रणे ऐकत आणि त्यांना गुण देत. मग पदवी कशाला, असा प्रश्न कोणी काढेल, आणि तो मीही स्वतःला विचारला आहे. त्यांच्यापुढे एक ठरलेला आजार आणि एक ठरलेली पद्धत होती; माझ्या दारातून कोण काय घेऊन येईल हे आधी ठरलेले नसते, म्हणून मला अधिक शिकावे लागते. पण आपल्याच गोव्यातल्या आरोग्य केंद्रांच्या व्हरांड्यांत सिद्ध झालेली ही गोष्ट आपल्याच वाचकांना ठाऊक नसावी, याचे वाईट वाटते.

'संगाथ'च्या त्या पद्धतीचा गाभा मीही वापरते. मन लागत नाही म्हणून माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, सोडल्यामुळे दिवस रिकामा होतो आणि रिकाम्या दिवसात मन आणखी लागेनासे होते. 'मनात आले की करीन' असे आपण म्हणतो; इथे उलटीकडून सुरुवात करावी लागते. जी बाई गेल्या चवथीला फुगडीच्या मेळाव्याला गेली नाही, तिला मी एकदम फुगडी घालायला सांगत नाही. संध्याकाळी शेजारणीच्या दारापर्यंत जाऊन परत यायचे, आणि जाण्यापूर्वी व आल्यानंतर मन कसे होते ते दहापैकी आकड्यात लिहायचे, एवढेच ठरते. कुळागराला (पोफळीच्या बागेला) पाणी सोडायचे बंद केलेल्या माणसासोबत आम्ही आधी फक्त पाटापर्यंत जाण्याचे ठरवतो. हे ऐकायला पोरकट वाटते. करून पाहणाऱ्याला वाटत नाही. (ही उदाहरणे, आणि वर सांगितलेले गृहस्थही, कुणा एका व्यक्तीचे वर्णन नाही; ओळख पटू नये इतका बदल मी जाणीवपूर्वक केला आहे.)

'समुपदेशन' या शब्दानेच घोटाळा केला आहे. त्यात 'उपदेश' दडलेला असल्यामुळे येणारा माणूस उपदेश ऐकण्याच्या तयारीने येतो. आपल्याकडे तर कौल मागण्याची जुनी सवय आहे. देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावल्या की उजवी पडते की डावी, यावर लग्नापासून जमिनीपर्यंतचे निर्णय घेणारी घरे मी पाहिली आहेत, माझे घरही त्यातलेच. त्या श्रद्धेची थट्टा करण्याचा अधिकार मला नाही, आणि थट्टा करणाऱ्या समुपदेशकाकडे ती माणसे पुन्हा येणारही नाहीत. पण कित्येक जण माझ्यासमोर बसतात तेही पाकळी पडण्याची वाट पाहत: नवऱ्याला सोडू की नको, मुलाला परदेशी पाठवू की नको, नोकरी धरू की सोडू. मी कौल देत नाही असे सांगितले की सुरुवातीला निराशा होते, क्वचित रागही येतो. तेव्हा मी विचारते, की समजा आज देवळात उजवी पाकळी पडली असती, तर तुमच्या पोटात काय झाले असते? या प्रश्नानंतर बहुतेक वेळा खोलीत बराच वेळ कोणी बोलत नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली लिहिले, की उपचार करणाऱ्याचा खरेपणा, समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि त्याच्या जागी जाऊन समजून घेणे, एवढ्या गोष्टी बदल घडायला आवश्यक आणि पुरेशा आहेत, आणि त्या समोरच्या माणसाला थोड्या तरी जाणवायला हव्यात. 'पुरेशा' हा शब्द मला अजून पटलेला नाही. 'जाणवायला हव्यात' हा भाग मात्र गोव्यात काम करताना रोज पटतो, कारण इथे भाषेचा प्रश्न आडवा येतो. आमची पुस्तके इंग्रजी, प्रश्नावल्यांची मुळे इंग्रजी, आणि माणूस घरी कोंकणी बोलतो, भजन-आरती मराठीतून म्हणतो, वर्तमानपत्र मराठी वाचतो. 'डिप्रेशन' म्हणून कोणी येत नाही. "न्हीद पडना" (झोप लागत नाही), "काळजांत धडधडटा", "टेन्शन आयलां" असे म्हणत येतात, किंवा कंबर दुखते, अंगावरून पांढरे जाते अशा तक्रारी घेऊन आधी आरोग्य केंद्रात जातात. गोव्यातच स्त्रियांच्या आरोग्यावर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले होते, की पांढरे जाण्याच्या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक होते. म्हणून मी शरीराच्या तक्रारीला 'ते मनाचे आहे' म्हणून बाजूला सारत नाही. आधी थायरॉइड, रक्त तपासून घ्यायला सांगते आणि दुखण्याचे वर्णन पूर्ण ऐकते.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या गोंयकाराने पॅरिसमध्ये सांगितले, की संमोहनाची निद्रा कोणत्याही चुंबकी शक्तीतून येत नाही, ती निद्रा घेणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून येते. शिक्षकांच्या आवडीचे हे वाक्य. मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट जवळची वाटते, जी दंतकथा असली तरी गोव्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाने ऐकलेली असते. पोर्तुगालमध्ये राणीसमोर प्रवचन देताना तरुण फारियाची वाचा बसली, तेव्हा वडील हळूच कोंकणीत म्हणाले, की समोर बसलेली ही सगळी भाजी आहे, "कातर रे भाजी" (काप रे भाजी), आणि मुलगा बोलू लागला. जी भाषा त्या दरबारात कोणालाच कळत नव्हती, तिच्यातल्या तीन शब्दांनी काम केले. माझ्या शिक्षणात या तीन शब्दांना कुठेही जागा नव्हती. आता मी वेगळी वही ठेवली आहे, ज्यात इथली माणसे आपल्या दुःखाला ज्या शब्दांनी हाक मारतात ते शब्द लिहून ठेवते.

तेव्हा पत्रलेखकांना, आणि ज्यांना समुपदेशकाकडे जावेसे वाटते त्या सर्वांना, माझी विनंती अशी की अवश्य विचारा. कोणत्या विषयात, किती वर्षांचे शिक्षण झाले ते विचारा. देखरेख कोणाची आहे ते विचारा. अजून शिकत असाल तर तसे आम्हाला आधी का सांगितले नाही, असेही विचारा. मी माझ्या संमतीपत्राच्या पहिल्याच ओळीत 'प्रशिक्षणार्थी' असे लिहिते आणि या काळात कोणाकडूनही पैसे घेत नाही. माझ्या आवाक्याबाहेरचे असेल तर मी बांबोळीच्या मनोविकार संस्थेत किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. मरण्याचे विचार येतात का, हे मी थेट शब्दांत विचारते. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात ही समजूत चुकीची आहे. मध्यरात्री असे कोणाला वाटले तर १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी 'टेलीमानस' दूरध्वनी क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पण मी विचारते तेव्हा बहुतेकांनी त्याचे नावही ऐकलेले नसते. आपल्या दैनिकाने तो रोज एका कोपऱ्यात छापला तर उपकार होतील.

शेवटी एक विनंती संपादकांना. या पत्राखाली माझे नाव छापू नये. ओळखले जाण्याची मला भीती वाटते असे नाही. खोलीत बोललेले बाहेर जाणार नाही, हे वचन मी देते (जिवाला धोका असेल तर ते मोडावे लागते, लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल तर कायद्यानेच मोडावे लागते, आणि तेही आधीच सांगते). पण गोवा लहान आहे. कदंबाच्या सरकारी बसमध्ये, जत्रेत, बाजारात आम्ही एकमेकांसमोर येतोच. म्हणून पहिल्या भेटीत ठरते, की बाहेर दिसलो तर मी आपण होऊन ओळख दाखवणार नाही. त्यांनी हसून पाहिले तर मीही हसेन, त्यांनी नजर फिरवली तर मीही खिडकीबाहेर पाहीन. उद्या माझे नाव छापून आले, तर बसमध्ये माझ्याशी हसून बोलणाऱ्या प्रत्येकाकडे आजूबाजूचे लोक निराळ्या नजरेने पाहू लागतील.

आपली विश्वासू,
एक प्रशिक्षणार्थी समुपदेशन मानसशास्त्रज्ञ, डिचोली
(नाव व पत्ता संपादकांजवळ)